छोट्या कॉलेजचा क्वार्टरबॅक कसा पारखावा?

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, 32 संघ आहेत. दर वर्षी एप्रिलच्या शेवटी हे संघ कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू आळीपाळीने निवडून घेतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या होतात. 2025 मध्ये 257 खेळाडू असे निवडले गेले. त्यात सगळ्यांत जास्त काथ्याकूट होतो तो क्वार्टरबॅकच्या निवडीवर. चेंडू कुणाकडे फेकायचा, कधी फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात समोरचे धिप्पाड बचावपटू त्याच्या अंगावर येत असतात. संघ उभा राहतो किंवा कोसळतो तो बऱ्याचदा याच एका माणसामुळे.

कॉलेजांमध्येही उतरंड आहे. सर्वांत वर अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट यांच्यासारखी बडी विद्यापीठं. त्यांच्याखाली एफसीएस नावाचा गट, मग डिव्हिजन दोन, मग डिव्हिजन तीन. खालच्या गटांतली मैदानं लहान, प्रेक्षक थोडे, टीव्हीवरचे सामने मोजके. तिथे खेळणारा एखादा क्वार्टरबॅक एनएफएलच्या योग्यतेचा आहे की नाही, हे ओळखायचं कसं? त्याच्यावर किती किंमत लावायची?

हा प्रश्न मी दोन माणसांच्या तोंडी मांडतो आहे. मामा शिकागोच्या उपनगरात राहतात. विमा कंपनीत जोखमीचा हिशेब करण्यात त्यांची हयात गेली आणि शिकागो बेअर्सचे सामने पाहण्यात त्यांचे रविवार गेले. भाची मिडवेस्टमधल्या एका छोट्या कॉलेजच्या संघासाठी सामन्यांचं चित्रीकरण करते आणि फिल्म कापून प्रशिक्षकांना देते. दोघं कल्पित आहेत, त्यांनी दिलेले दाखले मात्र खरे आहेत.

मामा : माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या फेरीतली निवड संघाकडे साधारणपणे वर्षातून एकदाच येते. क्वार्टरबॅकच्या बाबतीत ती चुकली, तर संघाची तीन-चार वर्षं फुकट जातात आणि प्रशिक्षकाची नोकरीही जाते. मग ज्या मुलाने दर शनिवारी तगड्या बचावासमोर चेंडू फेकलाय, त्याला बाजूला ठेवून छोट्या कॉलेजच्या मुलावर डाव का लावायचा?

भाची : कारण शनिवारी समोर कोण होतं, ही अर्धीच माहिती आहे, मामा. त्याच्या बाजूने कोण खेळत होतं, हेही बघायला नको का? बड्या कॉलेजच्या मुलापुढे तगडा बचाव असतो हे खरं, पण त्याला संरक्षण देणारे पाच तगडे लाइनमन आणि त्याचे पास झेलणारे, पुढे एनएफएलमध्ये जाणारे रिसीव्हरही असतात. छोट्या कॉलेजच्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही.

मामा : पण त्याच्या समोरचेही तसेच साधे असतात. शिष्यवृत्त्यांचा हिशेब बघ. अलीकडेपर्यंत वरच्या गटातल्या संघाला फुटबॉलसाठी 85 शिष्यवृत्त्या देता येत होत्या, एफसीएसला 63, डिव्हिजन दोनला 36 आणि डिव्हिजन तीनला एकही नाही. म्हणजे गुणवत्ता वरच एकवटते. खाली रिसीव्हर बचावपटूपासून तीन-तीन यार्ड मोकळा सुटलेला असतो. एनएफएलमध्ये दोघांत हातभर अंतर असतं. मोकळ्या माणसाकडे चेंडू फेकून झालेल्या टचडाउनच्या, म्हणजे गोलरेषेपार नेलेल्या चेंडूंच्या, राशीवरून मी काय ओळखणार?

भाची : राशीवरून काहीच ओळखू नकोस, तिथे माझं तुझ्याशी भांडण नाही. पण मग 30 जानेवारी 2000 चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, आठव. अटलांटामध्ये सेंट लुईस रॅम्सचा क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर, आयोवातल्या नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाचा. समोर टेनेसी टायटन्सचा स्टीव्ह मॅकनेर, मिसिसिपीतल्या अल्कॉर्न स्टेटचा. दोघंही आजच्या एफसीएस गटातल्या कॉलेजांचे. वॉर्नरने 414 यार्ड फेकले. शेवटच्या डावात मॅकनेरने संघाला रॅम्सच्या दारापर्यंत नेलं आणि केव्हिन डायसनला गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे माइक जोन्सने पाडलं. 23-16. जगातला सगळ्यांत मोठा सामना, आणि दोन्ही बाजूंना छोट्या कॉलेजचे क्वार्टरबॅक!

मामा : तो सामना मी पाहिलाय. पण आपल्याला आठवतात ते जिंकलेले. सराव शिबिरात आठवडाभर राहून घरी परतलेले शेकडो कुणाला आठवतात? विम्यात आम्ही आधी हेच शिकतो की डोळ्यात भरणाऱ्या एका घटनेवरून हप्ता ठरवायचा नसतो.

भाची : मग वॉर्नरचीच गोष्ट नीट बघू, कारण तुझ्या हिशेबातलं भोक त्यात दिसतं. कॉलेजमध्ये तो फक्त शेवटच्या वर्षी पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक होता. 1994 च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. ग्रीन बे पॅकर्सने शिबिराला बोलावलं. तिथे त्याच्या पुढे ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल आणि टाय डेट्मर होते. सरावात त्याच्या वाट्याला चेंडू किती येणार? त्याला काढून टाकलं. मग सीडर फॉल्सच्या हाय-व्ही दुकानात रात्री फळ्यांवर माल लावला. मग आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून बंदिस्त मैदानातलं अरीना फुटबॉल, मग युरोपात अॅमस्टरडॅम अॅडमिरल्स. 1999 मध्ये सराव सामन्यात ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला, म्हणून वॉर्नर उतरला. त्या हंगामात 4,353 यार्ड, 41 टचडाउन आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. आता सांग, ग्रीनचा गुडघा शाबूत राहिला असता तर वॉर्नर तुझ्या तक्त्यात कुठे असता?

मामा : अपयशी म्हणूनही नसता. त्याचं नावच कुठे लागलं नसतं.

भाची : तेच. न निवडलेल्या मुलाला चेंडू मिळत नाही. चेंडू मिळत नाही म्हणून आकडे होत नाहीत. आकडे नाहीत म्हणून पुढच्या वर्षी तशाच मुलाला कुणी निवडत नाही. तुझा जोखमीचा तक्ता ज्यांना खेळायला मिळालं त्यांचाच आहे. ज्यांना मिळालंच नाही, त्यांच्याबद्दल तो काही सांगत नाही.

मामा : हे मान्य करायला हवं. विम्यातही ज्यांना पॉलिसी नाकारली, त्यांचं पुढे काय झालं हे आमच्या आकड्यांत येत नाही. पण तेवढ्यावरून नाकारलेले सगळे निरोगी होते, असंही सिद्ध होत नाही. मला निकष हवेत. फार्गोच्या ट्रे लान्सचंच घे. नॉर्थ डकोटा स्टेटमध्ये 2019 मध्ये 28 टचडाउन आणि एकही इंटरसेप्शन नाही, म्हणजे एकही पास विरोधकांच्या हातात गेला नाही. संघाने सोळाच्या सोळा सामने जिंकले. 2020 मध्ये करोनामुळे शरदातला एकच सामना झाला. 2021 च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर जाण्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि वर तिसऱ्या फेरीची एक दिली. दोन हंगामांत त्याने किती सामन्यांची सुरुवात केली? चार. 2022 मध्ये घोटा मोडला. ऑगस्ट 2023 मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्याला डॅलसला देऊन टाकलं.

भाची : लान्सचा दाखला तू मांडशील हे मला ठाऊक होतं, आणि तो मांडायलाच हवा. पण त्यातली चूक कुठे आहे ते बघ. कॉलेजात त्याने सतरा सामने सुरू केले आणि जेमतेम 318 चेंडू फेकले. त्यातही नॉर्थ डकोटा स्टेट हा आपल्या गटातला इतका वरचढ संघ की सामने बहुतेक आघाडीवर असतानाच खेळायचे. दहा गुणांनी मागे आहोत, सगळ्यांना माहीत आहे की आता पासच येणार, आणि तरीही पास करायचाय, असे प्रसंग त्याच्या वाट्याला फारसे आलेच नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करायची तरी शीत पातेल्याच्या मधलं घ्यावं लागतं. इथे संघाने वरचं एक शीत चाखून सगळं पातेलं विकत घेतलं. लान्स वरच्या गटातल्या एखाद्या मधल्या फळीच्या विद्यापीठात असता आणि 318 चेंडू फेकून आला असता, तरी धोका तेवढाच होता.

मामा : आणि त्याच संघात त्याची जागा कुणी घेतली? ब्रॉक पर्डीने. 2022 च्या ड्राफ्टमधली अगदी शेवटची, 262 वी निवड. पण तो आयोवा स्टेटचा, म्हणजे वरच्या गटातला, आणि तिथे चार हंगाम खेळलेला. फेब्रुवारी 2024 मध्ये तो संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. म्हणजे अनुभव मोजावा, हे तर माझंच म्हणणं झालं.

भाची : अनुभव मोजावा हे आपलं दोघांचंही म्हणणं झालं. फक्त तू अनुभव कॉलेजच्या नावावरून मोजत होतास, मी फेकलेल्या चेंडूंवरून मोजते. प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांच्या नावाने जे नियम सांगितले जातात ते आठव. क्वार्टरबॅक शेवटच्या वर्षाचा असावा, पदवी घेतलेला असावा, तीन वर्षं पहिल्या पसंतीने खेळलेला असावा, 23 सामने जिंकलेला असावा. त्यात कॉलेज मोठं असावं, असा नियम नाही. आणि 2003 मध्ये पार्सेल्स डॅलसला प्रशिक्षक असतानाच ईस्टर्न इलिनॉयचा टोनी रोमो तिथे आला. ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला. एफसीएसमधल्या सर्वोत्तम आक्रमक खेळाडूला मिळणारा वॉल्टर पेटन पुरस्कार त्याने आदल्याच वर्षी घेतला होता.

मामा : आणि रोमो 2006 च्या मोसमाच्या मध्यापर्यंत बाकावर होता.

भाची : होता, पण संघाने त्याला ठेवलं, शिकवलं. निवृत्त झाला तेव्हा डॅलसच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड त्याच्या नावावर होते, 34,183. वॉर्नरला पॅकर्समध्ये जे मिळालं नाही, ते रोमोला डॅलसमध्ये मिळालं. फरक वेळेचा होता.

मामा : बरं. आता मला निवड करणाऱ्याच्या खुर्चीत बसव. समोर फिल्म आहे. कॉलेज छोटं, समोरचा संघ कमकुवत. तू फिल्ममध्ये नेमकं काय बघतेस?

भाची : जे समोरच्यावर अवलंबून नाही, ते आधी बघते. ज्यांच्या दरम्यान प्रत्येक खेळ सुरू होतो त्या हॅशच्या खुणा कॉलेजच्या मैदानावर एकमेकींपासून 40 फूट लांब असतात. एनएफएलमध्ये हेच अंतर साडेअठरा फूट. म्हणजे कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर असेल आणि उजव्या कडेच्या रिसीव्हरकडे आडवा पास द्यायचा असेल, तर तो फेकीचा पल्ला फार लांबचा असतो. तिथे चेंडू तरंगत गेला की हात कळतो, सपाट आणि वेळेवर गेला की हात कळतो. समोर अलाबामा आहे की एखादं अनोळखी कॉलेज, त्याने काही फरक पडत नाही.

मामा : हा हात झाला. डोकं?

भाची : रिसीव्हर वळण्याआधी चेंडू हातातून सुटतो का, ते बघते. रिसीव्हर मोकळा झालेला दिसला की फेकणारा मुलगा खालच्या गटात चालून जातो, वर नाही. तो मोकळा होणार हे ओळखून आधीच फेकणारा मुलगा कुठेही चालतो. मग नजर. पहिला रिसीव्हर झाकलेला असेल तर दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जाते का, की तो लगेच पळ काढतो? आणि पाय. कुणी अंगावर येतंय हे कळल्यावर तो अर्धं पाऊल सरकून पुन्हा फेकायच्या पवित्र्यात येतो का? इंटरसेप्शननंतरच्या पुढच्या तीन फेकी मी मुद्दाम वेगळ्या कापून ठेवते.

मामा : आणि छोट्या कॉलेजचे संघ वर्षातून एखादा सामना बड्यांकडे जाऊन खेळतात. त्याचे त्यांना पैसे मिळतात. ती फिल्म तर सगळ्यांत आधी बघायला हवी. खरी परीक्षा तीच.

भाची : ती बघावीच, पण निकाल बघायला नाही. त्या दिवशी त्याच्या लाइनमनना समोरची पोरं ढकलून देतात. दीड सेकंदात खेळ मोडतो. त्याचे आकडे वाईट येणारच. मी बघते की मोडलेल्या खेळात तो काय करतो. चेंडू बाहेर टाकून देतो का? सामन्याच्या शेवटच्या पाव भागात तीस गुणांनी मागे असतानाही तो पहिल्यासारखाच नजर फिरवतो का? हरलेल्या सामन्यात मला मुलगा जास्त दिसतो.

मामा : मला एक आणखी हवं. समान मैदान. अलाबामातल्या मोबाइल शहरात जानेवारीच्या अखेरीला सीनियर बोल होतो. आठवडाभर सराव. लहानमोठ्या कॉलेजांचे खेळाडू एकत्र, एनएफएलचे प्रशिक्षक शिकवायला. 2016 मध्ये नॉर्थ डकोटा स्टेटचाच कार्सन वेन्ट्झ तिथे आला आणि त्याने शंका मिटवल्या. पुढे फिलाडेल्फियाने दुसऱ्या क्रमांकावर त्याला घेतलं. त्याच्या बाबतीत आपल्या दोघांपैकी बरोबर कोण, हे मला अजून ठरवता येत नाही. 2017 मध्ये 33 टचडाउन, सर्वोत्तम खेळाडूच्या मानाच्या अगदी जवळ, आणि डिसेंबरात गुडघा गेला. सुपर बोल जिंकून दिला राखीव निक फोल्सने. 2020 मध्ये वेन्ट्झची 15 इंटरसेप्शन झाली आणि त्याला इंडियानापोलिसला देऊन टाकलं.

भाची : मला त्यात कॉलेजचा दोष दिसत नाही. छोट्या कॉलेजमुळे तो कमी पडला असता, तर पहिल्या वर्षी पडला असता. दुसऱ्या वर्षी शिखरावर जाऊन पाचव्या वर्षी घसरला, याची कारणं त्यानंतर त्याच्या शरीरात आणि खेळात झालेल्या बदलांत शोधायला हवीत.

मामा : पटतंय. आता मागे जाऊ या का? कारण ही मुलं छोट्या कॉलेजात पोहोचतात कशी, हा माझ्या मते पहिला प्रश्न असायला हवा.

भाची : माझ्या मतेही. आणि उत्तरं फार वेगवेगळी आहेत. क्वार्टरबॅक डग विल्यम्स लुइझियानात वाढला आणि कृष्णवर्णीयांच्या ग्रॅम्बलिंग स्टेट विद्यापीठात गेला. दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांनी वर्षानुवर्षं कृष्णवर्णीय खेळाडूंना दारच उघडलं नव्हतं. दार किलकिलं झाल्यावरही क्वार्टरबॅकची जागा त्यांना क्वचितच मिळे. ते मुलांना दुसऱ्या जागी खेळवत. ग्रॅम्बलिंगमध्ये एडी रॉबिन्सन यांच्यासारखे प्रशिक्षक होते. तिथला मुलगा लहान गटात असण्याचं कारण त्याची योग्यता नव्हती, समाज होता. मॅकनेरचंही तेच. मोठ्या कॉलेजची शिष्यवृत्ती त्याला मिळत होती, पण क्वार्टरबॅक म्हणून नाही. म्हणून तो अल्कॉर्न स्टेटला गेला. चार वर्षं खेळला, 1994 मध्ये कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात तिसरा आला आणि 1995 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. 2003 मध्ये पेटन मॅनिंगच्या बरोबरीने सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मामा : विल्यम्सला 1978 मध्ये टॅम्पा बेने सतराव्या क्रमांकावर घेतलं. त्याआधी टॅम्पाचे साहाय्यक प्रशिक्षक जो गिब्स त्याला पाहायला ग्रॅम्बलिंगला गेले होते. दहा वर्षांनी, 31 जानेवारी 1988 च्या सुपर बोलमध्ये, गिब्स वॉशिंग्टनचे मुख्य प्रशिक्षक होते आणि विल्यम्स त्यांचा क्वार्टरबॅक. सामन्याच्या दुसऱ्या पाव भागात चार टचडाउन, एकूण 340 यार्ड. सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. प्रत्यक्ष जाऊन बघण्याचा लाभ किती लांबवर पोहोचतो, हे त्यावरून कळतं. तसंच केन अँडरसनचं. इलिनॉयमधलं ऑगस्टाना कॉलेज, आज डिव्हिजन तीनमध्ये आहे. 1971 मध्ये सिनसिनाटीने त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं, तिथे बिल वॉल्श यांनी त्याला घडवलं, आणि 1981 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

भाची : तू माझ्या बाजूने बोलायला लागलास, मामा!

मामा : मी पुराव्याच्या बाजूने बोलतोय. पण पुढे ऐक. आज दार बंद नाही. 2018 पासून कॉलेज बदलण्यासाठी ट्रान्सफर पोर्टल आहे. 2021 मध्ये पहिल्या बदलीसाठी एक वर्ष बाहेर बसण्याची अट गेली, आणि त्याच वर्षीपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. छोट्या कॉलेजात कुणी चमकला की बडं कॉलेज त्याला उचलतं. कॅम वॉर्ड बघ. टेक्सासमधल्या त्याच्या शाळेचा संघ पास फारसा करायचाच नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्डला गेला, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी. 2025 च्या ड्राफ्टमध्ये पहिलाच क्रमांक, टेनेसीने घेतला. म्हणजे बाजार स्वतःच चाळणी लावतो. मग जो शेवटपर्यंत छोट्या कॉलेजातच राहिला, तो चाळणीत खाली राहिलेला, असं का मानू नये?

भाची : कारण राहण्याची कारणंही वेगवेगळी असतात. घर जवळ असतं. प्रशिक्षकावर विश्वास असतो. पदवी अर्धी झालेली असते. वर गेलो तर बाकावर बसावं लागेल, ही रास्त भीती असते. आणि उदाहरण तुझ्याच शहरात आहे. टायसन बेजंट, वेस्ट व्हर्जिनियातलं शेफर्ड विद्यापीठ, डिव्हिजन दोन. शेवटपर्यंत तिथेच खेळला. कॉलेज कारकिर्दीत 159 टचडाउन पास. 2023 मध्ये ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. बेअर्सने शिबिराला बोलावलं. ऑक्टोबरात जस्टिन फील्ड्सचा अंगठा दुखावला आणि बेजंटने लास व्हेगस रेडर्सविरुद्धचा सामना सुरू केला. 30-12 ने बेअर्स जिंकले.

मामा : तो दिवस मला चांगला आठवतो. पण तो अजूनही राखीवच आहे, हेही सांग.

भाची : सांगते. उत्तम राखीव क्वार्टरबॅक ही लहान गोष्ट आहे का? हार्वर्डचा रायन फिट्झपॅट्रिक 2005 मध्ये सातव्या फेरीत, 250 वा निवडला गेला. सतरा हंगाम आणि नऊ संघांकडून खेळला. आपल्या शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या मिल्टन कॉलेजचा डेव्ह क्रीग 1980 मध्ये निवडलाच गेला नव्हता. दोन वर्षांत ते कॉलेजच बंद पडलं. क्रीग एकोणीस हंगाम एनएफएलमध्ये होता. एवढी वर्षं उपयोगी पडलेल्या खेळाडूला तू अपयश म्हणशील का?

मामा : मुळीच नाही. आणि इथेच माझा मुद्दा येतो, किंमत. सातव्या फेरीत फिट्झपॅट्रिक मिळाला तर तो उत्तम सौदा. तोच तिसऱ्या क्रमांकावर घेतला असता तर संघ बुडाला असता. मी छोट्या कॉलेजच्या विरोधात नाही. मी अनिश्चिततेला जास्त किंमत देण्याच्या विरोधात आहे. पाचव्या, सहाव्या, सातव्या फेरीत, आणि निवडीनंतर करार करताना, दर वर्षी एक असा मुलगा घ्यावा. चुकला तर नुकसान थोडं, जमला तर दहा वर्षांचा प्रश्न सुटला.

भाची : पुरावा भक्कम असेल तर वरची किंमतही द्यावी लागेल. मोरहेड स्टेटच्या फिल सिम्सला न्यूयॉर्क जायंट्सने 1979 मध्ये सातव्या क्रमांकावर घेतलं. सुपर बोलमध्ये त्याने 25 पैकी 22 पास पूर्ण केले. डेलावेअरचा जो फ्लॅको 2008 मध्ये अठरावा. 2012 च्या मोसमातल्या बाद फेरीत 11 टचडाउन आणि एकही इंटरसेप्शन नाही, हातात सुपर बोल. विल्यम्स, मॅकनेर, सिम्स, फ्लॅको यांना स्वस्तात मिळतील म्हणून थांबलेला संघ हात चोळत बसला असता.

मामा : ठीक आहे. मग किंमत कॉलेजच्या नावावरून ठरवायची नाही, पुराव्याच्या जाडीवरून ठरवायची. चेंडू किती फेकले, किती वर्षं, किती तऱ्हेच्या परिस्थितीत. पुरावा जाड असेल तर वरच्या फेरीत जा, कॉलेज कुठलंही असो. पातळ असेल तर खालच्या फेरीत थांब, कॉलेज कितीही मोठं असो. एवढं मी लिहून द्यायला तयार आहे.

भाची : माझी एक अट त्याला जोड. खालच्या फेरीत घेतलेल्या मुलाला सरावात ठरलेले चेंडू मिळालेच पाहिजेत. नाहीतर घेतला काय आणि न घेतला काय. वॉर्नरला पॅकर्सनी शिबिरात घेतलंच होतं की.

मामा : ही अट मला विम्याच्या भाषेतही पटते. हप्ता घेतला असेल तर दावा ऐकून घ्यावा लागतो.

इथे हा वाद थांबवतो, कारण दोघं जिथे पोहोचले तिथेच माझंही मत आहे. मामांचा धोक्याचा हिशेब आवश्यक आहे. त्याच्याशिवाय संघ एका हंगामाच्या झगमगाटावर तीन वर्षांचं भविष्य गहाण टाकतो. भाचीची नजरही तेवढीच आवश्यक आहे. तिच्याशिवाय तो हिशेब जुन्या अन्यायांची आणि जुन्या आळसाची बेरीज होऊन बसतो. ग्रॅम्बलिंगला जाणारा जो गिब्स नसता तर विल्यम्सची योग्यता कमी झाली नसती, फक्त ती कुणाला कळली नसती. खेळाचं नुकसान अशा ठिकाणी होतं, आणि ते कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

ट्रान्सफर पोर्टलने चित्र बदललं आहे, हे खरं. वॉर्डसारखी मुलं आता वर सरकतात आणि त्यांची परीक्षा वरच होते. पण त्यामुळे खाली राहिलेल्या मुलाकडे बघण्याची जबाबदारी संपत नाही. उलट आता खाली बघणारे आणखी कमी होतील, आणि म्हणून तिथे जाऊन बघणाऱ्या संघाचा फायदा वाढेल. छोट्या कॉलेजच्या क्वार्टरबॅकला सवलत नको. तो तिथे का गेला हे विचारावं, त्याने किती चेंडू फेकले ते मोजावं, समोरच्या संघावर अवलंबून नसलेल्या गोष्टी फिल्ममध्ये बघाव्या, आणि निवडल्यावर त्याच्या हातात पुरेसे चेंडू द्यावे. अमेरिकेत राहणाऱ्या आणि हा खेळ बघणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे. येत्या ड्राफ्टमध्ये पहिली फेरी संपली की टीव्ही बंद करू नका. तिसऱ्या दिवशी, चौथ्या ते सातव्या फेरीत, आणि त्यानंतर करार झालेल्यांच्या यादीत, अनोळखी कॉलेजच्या क्वार्टरबॅकचं नाव दिसलं तर ते लक्षात ठेवा आणि त्याचा खेळ शोधून पाहा.